परमुलखात खेळायला गेलेल्या

(सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेच्या दिवसांत झालेल्या महिला मेळाव्यातलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आज मी दारूबंदीवर बोलणार नाही, बचत गटावरही नाही. बास्केटबॉलवर बोलणार आहे. हसू नका. मागच्या महिन्यात आपल्यापैकी एका बाईनं माझ्या हातात एक कागद ठेवला, म्हणून हा विषय निघाला. ती आज इथं बसली आहे. तिला विचारूनच मी हे बोलते आहे. नाव मात्र घेणार नाही.

तिची मुलगी पंधरा वर्षांची. शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. उंचीनं बेताची, पण चेंडू तिच्या हातात आला की सगळं मैदान तिला दिसतं. असं खेळणारीला गार्ड म्हणतात. चेंडू खालून वर आणायचा, कोण मोकळी आहे ते पाहायचं आणि तिला तो द्यायचा. घरात आपण जे करतो तेच म्हणा ना. परराज्यातल्या एका खाजगी अकादमीचा माणूस तिचा खेळ बघून गेला. राहणं-जेवण फुकट, शिक्षण तिकडेच आणि पुढं परदेशात खेळायला पाठवू, असं सांगून तो कागद देऊन गेला. वर नोंदणीचे वीस हजार मागितले. वडील सही करायला तयार आहेत. आई म्हणाली, “ताई, कागद इंग्रजीत आहे. यात काय लिहिलंय ते कोणी सांगेल का?”

मी स्वतः शाळेत हा खेळ खेळले आहे. समाजकार्याचं शिक्षण घ्यायला गेले आणि खेळ सुटला. पण परदेशात पैसे घेऊन खेळणाऱ्या बायांचं पुढं काय होतं, हे मी आवडीनं वाचत आले आहे. म्हणून म्हटलं, कागद उघडण्याआधी हा धंदा काय आहे ते जरा सगळ्याजणी मिळून समजून घेऊ.

परदेशातल्या संघांत बाहेरच्या देशातून आणलेल्या खेळाडूला ‘इम्पोर्ट’ म्हणतात. इम्पोर्ट म्हणजे आयात. तेलासाठी, यंत्रासाठी जो शब्द वापरतात तोच. एका संघात असे किती आयात खेळाडू चालतील हे त्या त्या देशाची लीग ठरवते. कुठं दोन, कुठं तीन. त्यामुळे त्या दोन जागांवर आलेल्या बाईकडून गावच्या खेळाडूपेक्षा दुप्पट काम अपेक्षित असतं. चार सामने वाईट गेले की तिला परत पाठवून दुसरी आणतात. बाहेर आपल्या यात्रेत मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे घोडे आले आहेत. गिऱ्हाईक काय करतं? आधी जबडा उघडून दात बघतं, मग चाल बघतं, मग भावाचं बोलतं. आयात खेळाडू विमानातून उतरली की पहिल्या दोन-तीन दिवसांत तिची वैद्यकीय तपासणी होते. गुडघा, घोटा, रक्त. त्यात पास झाली तरच करार लागू, असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. फरक एवढाच की घोड्याला भाव कळत नाही. बाईला कळतो, आणि कळायला हवा.

मग बाया जातात कशाला? पैशासाठी. यात लाजण्यासारखं काही नाही.

अमेरिकेत डायना टॉरासी नावाची एक गार्ड आहे. आईवडील अर्जेंटिनाहून आलेले, स्वतः वाढली कॅलिफोर्नियात. २००४ साली तिथल्या बायांच्या व्यावसायिक लीगनं, म्हणजे डब्ल्यूएनबीएनं, सगळ्यांत आधी तिला निवडलं. पहिल्या नंबरवर निवडलेल्या खेळाडूचा पहिल्या वर्षाचा पगार होता साधारण चाळीस हजार डॉलर. आपल्याला तो मोठा वाटेल, पण त्याच देशात, त्याच खेळात पुरुषांना लाखो डॉलर मिळत होते. डब्ल्यूएनबीएचे सामने उन्हाळ्यात चार-पाच महिने चालतात. उरलेल्या महिन्यांत ती रशियाला जाऊ लागली. आधी डायनॅमो मॉस्को, मग स्पार्टाक. इथं उन्हाळा, तिथं हिवाळा, मध्ये सुट्टी नाही. वर्षानुवर्षं हेच चाललं. आपल्या बाया दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जातात, परत आल्या की शेताची कामं. पैशात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण शरीराला विश्रांती नाही हे दोन्हीकडे सारखंच.

स्पार्टाकचा मालक शाब्ताई काल्मानोविच नावाचा धनाढ्य माणूस होता. एकेकाळी इस्रायलमध्ये हेरगिरीबद्दल त्यानं तुरुंग भोगलेला. त्यानं या मुलींना राहायला घर दिलं, गाडी-चालक दिला, घरी मिळतो त्याच्या कितीतरी पट पगार दिला. २००७ ते २०१० अशी चार वर्षं तो संघ युरोपात पहिला आला. पण हा पैसा तिकिटविक्रीतून येत नव्हता, मालकाच्या खिशातून येत होता. २ नोव्हेंबर २००९ ला मॉस्कोत भर रस्त्यात त्याला गोळ्या घालून मारलं. पुढच्या हंगामात टॉरासी तुर्कस्तानात, फेनरबाचे संघाकडे गेली. आपल्याला कोण ठेवतो आणि कशासाठी ठेवतो, हे पगाराच्या आकड्यावरून कळत नाही.

तुर्कस्तानात काय झालं ते सांगते. कारण आई-बाप जेव्हा विचारतात, “परक्या ठिकाणी काही झालं तर?” तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक एकच गोष्ट असते. प्रत्यक्षात गोष्टी बऱ्याच असतात. २०१० च्या अखेरीस एका सामन्यानंतरच्या तपासणीत तिच्या शरीरात बंदी असलेलं औषध सापडल्याचा अहवाल आला. ती सांगत होती, मी काही घेतलेलं नाही. खेळ थांबवला. जानेवारी २०११ मध्ये करार मोडला. जगभर नाव खराब झालं. फेब्रुवारीत त्या प्रयोगशाळेनं आपला अहवाल मागे घेतला आणि ती निर्दोष ठरली. नोकरी मात्र गेली ती गेलीच. तिच्यापाशी वकील होता, जगात नाव होतं, अमेरिकेत दुसरा संघ वाट बघत होता. ज्या मुलीचं नाव कुणाला ठाऊक नाही तिच्या बाबतीत प्रयोगशाळेनं पुन्हा कागद उघडून पाहिला असता का, असा मला प्रश्न पडतो.

नंतर ती पुन्हा रशियाला गेली. या वेळी येकातेरिनबुर्गला, तांब्याच्या खाणींच्या कंपनीच्या संघाकडे. २०१५ साली त्या कंपनीनं तिला सांगितलं, या उन्हाळ्यात घरी अमेरिकेत खेळू नकोस, विश्रांती घे, तुझा तिकडचा बुडणारा पगार आम्ही भरून देतो. रशियातला तिचा पगार वर्षाला सुमारे पंधरा लाख डॉलर होता, असं तेव्हा छापून आलं. घरचा होता एक लाख सात हजारांच्या आसपास. ती घरी खेळली नाही. काहींनी तिला नावं ठेवली, देशापेक्षा पैसा मोठा झाला म्हणाले. मला हे पटत नाही. पुरुष खेळाडूला असं कोणी म्हणालं नसतं. बाईनं आपल्या कष्टाचा दाम मागितला की ती लोभी ठरते, हे आपण रोजंदारीच्या भांडणात पाहिलेलं आहे. आणि देशाचं म्हणाल तर २००४ ते २०२४ या काळात तिनं अमेरिकेसाठी ऑलिंपिकची सहा सुवर्णपदकं आणली. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली.

तिच्याही आधीची एक बाई आहे, लिनेट वुडार्ड. हीसुद्धा गार्ड, कॅन्सस राज्यातली काळी मुलगी. १९७७ ते १९८१ या चार वर्षांत कॉलेजात खेळताना तिनं ३,६४९ गुण केले. पण अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची मोठी संस्था तेव्हा बायांच्या स्पर्धा भरवतच नव्हती. बायांची संस्था वेगळी होती. मोठ्या संस्थेनं १९८१-८२ पासून बायांचे खेळ हाती घेतले आणि मोजायला सुरुवात तिथून केली. वुडार्डचे सगळे गुण वहीच्या बाहेर राहिले. कॉलेज संपलं तेव्हा देशात बायांसाठी टिकाऊ व्यावसायिक लीग नव्हती, म्हणून ती इटलीला गेली, पुढं जपानला. मधल्या काळात १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या कप्तानीखाली अमेरिकेनं सुवर्णपदक जिंकलं. १९९७ साली डब्ल्यूएनबीए सुरू झाली तेव्हा तिचं वय होतं सदतीस, आणि तेव्हा कुठं ती घरच्या लीगमध्ये खेळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केटलिन क्लार्क नावाच्या मुलीनं तिच्या आकड्याला मागे टाकलं, तेव्हा वर्तमानपत्रांना आठवलं की अरे, आधीचा खरा आकडा तर हिचा होता. त्रेचाळीस वर्षांनी!

हे मी का सांगते? उसाच्या फडात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. मोळ्या बांधणारी, डोक्यावर वाहणारी, गाडीत चढवणारी बाई वहीत नाही. जी वहीत नाही तिनं दाद कुठं मागायची? १९७९ साली परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी कायदा झाला. ठेकेदारानं प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, असं त्यात लिहिलं होतं. तुमच्यापैकी किती जणींनी आपल्या फोटोचं असं पासबुक हातात घेतलंय? हात वर करा. (एकही हात वर झाला नाही.)

टॉरासी असो, वुडार्ड असो, परदेशात गेली तेव्हा तिच्या करारावर तिचं नाव होतं आणि तिची सही होती. पगार तिच्या खात्यावर. आयात खेळाडू म्हणा, माल म्हणा, पण कागदावर ती स्वतः होती. बाकी सगळं याच्या नंतर येतं.

आता कागद असला म्हणजे पैसे मिळतातच असं नाही. छोट्या देशांतले छोटे संघ हंगामाच्या मध्यात पगार थकवतात. खेळाडू परक्या गावात, भाषा येत नाही, घर संघाचं, परतीचं तिकीट संघानं काढायचं. अशा तक्रारी वाढल्या म्हणून फिबा, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघानं, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला एक लवाद सुरू केला. तिथं एकच पंच असतो, कागदपत्रांवरून निकाल देतो, बहुतेक वेळा कोणाला तिथवर जावंही लागत नाही. निकाल लागूनही संघानं पैसे दिले नाहीत तर फिबा त्या संघाला नवे खेळाडू नोंदवायला बंदी करू शकते. विचार करा, मुकादमानं मजुरी बुडवली तर त्याला पुढच्या वर्षी एकही कोयता मिळणार नाही, असा नियम असता तर! पण एक मेख आहे. वाद झाल्यास तो या लवादाकडे नेता येईल, हे वाक्य करारात आधीच लिहिलेलं असावं लागतं. नसेल तर लवाद तुमचं ऐकत नाही. आणि अर्ज करायला शुल्क युरोत भरावं लागतं. म्हणजे न्याय आहे, पण ज्यानं कागद वाचून सही केली त्याच्यासाठी.

कागदावर काय काय लिहिलेलं असू शकतं याचं एक उदाहरण बास्केटबॉलचं नाही, व्हॉलीबॉलचं आहे. इटलीतली लारा लुली ही खेळाडू २०१९ मध्ये गरोदर राहिली. तिनं संघाला सांगितलं, तसा करार संपवला. तिनं आधी खेळलेल्या महिन्याचा राहिलेला पगार मागितला, तर संघानं उलट तिच्याकडेच भरपाई मागितली. म्हणणं असं की मूल होऊ देण्याचा विचार तिनं करार करताना सांगितला नाही. २०२१ मध्ये तिनं हे जाहीर केलं, आरडाओरडा झाला, तेव्हा संघानं मागणी सोडली. युरोपात, एकविसाव्या शतकात! आपल्याकडे फडात खाडा झाला की दंड. पाळी, बाळंतपण, आजारपण, सगळा खाडाच. दंड चुकवायला बीडच्या बायांनी गर्भाशयं काढून घेतली, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. फड आणि चकचकीत मैदान यांत अंतर खूप आहे, पण बाईच्या कुशीचा हिशेब दोन्हीकडे नुकसानीच्या रकान्यातच मांडतात.

हा रकाना बदलतो कसा, तर त्याचंही उदाहरण आहे. डब्ल्यूएनबीएतल्या खेळाडूंनी १९९८ साली आपली संघटना बांधली. २०२० च्या करारात त्यांनी बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळवला, वरच्या पगाराची मर्यादा दोन लाख डॉलरच्या पुढं नेली. बावीस वर्षं लागली. शहाद्यात १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या दिवसांत बायांनी दारूची मडकी फोडली, तेव्हाच्या काही म्हाताऱ्या अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा, एकटीनं किती फुटली असती.

आणखी एक भीती आहे, तिच्यावर मला पांघरूण घालायचं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत मॉस्कोच्या विमानतळावर ब्रिटनी ग्रायनर या अमेरिकन खेळाडूला पकडलं. ती गार्ड नव्हे, उंच सेंटर. येकातेरिनबुर्गच्या त्याच संघात खेळायला निघालेली. सामानात गांजाच्या तेलाच्या नळ्या, एक ग्रॅमही नसेल एवढं तेल. नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये दोन सरकारांनी कैद्यांची अदलाबदल केली तेव्हा ती सुटली. चूक तिची होती, हे तिनंही कबूल केलं. पण दोन देशांच्या भांडणात ती प्यादं झाली आणि ज्या संघाला तिनं इतकी वर्षं जिंकून दिलं, त्याच्या हातात तिला सोडवणं नव्हतं.

आपल्या देशातल्या मुलींचं काय? केरळची गीतू अण्णा जोस २००६ नंतर ऑस्ट्रेलियात रिंगवूड नावाच्या संघाकडून खेळली. २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. निवड झाली नाही, पण तिथवर गेली. २०१९ मध्ये केरळचीच पी. एस. जीना त्याच रिंगवूडकडून खेळली. आपल्या पुण्याची शिरीन लिमये गार्ड आहे, भारताच्या संघाची कप्तान राहिली आहे. या तिघींत एक गोष्ट सारखी आहे, ती बघा. गीतू रेल्वेत, शिरीन रेल्वेत, जीना केरळच्या वीज मंडळात. खेळाच्या जोरावर नोकरी. परदेशातला हंगाम संपला, गुडघा गेला, तरी परत यायला एक जागा. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, आपल्या मुलींनी आधी ही जागा बघावी, मग परदेश. काही मैत्रिणींना हे फार सावध वाटेल. वाटू दे. मी फडातून परतलेल्या बायांबरोबर काम करते.

कपड्यांचंही बोलू. या मुलीच्या काकांचा आक्षेप कागदावर नाहीच, हाफ पॅंटवर आहे. अमेरिकेत बिल्किस अब्दुल-कादिर नावाची एक मुसलमान गार्ड होती, शाळेत असताना तिनं राज्याचा गुणांचा विक्रम केला. तिला युरोपात खेळायचं होतं, पण डोक्यावर कापड चालणार नाही, असा फिबाचा नियम. याच नियमावर बोट ठेवून २०१४ मध्ये चीनमधल्या स्पर्धेत आपल्या शीख खेळाडूंना पगडी उतरवायला लावली होती. बिल्किस आणि इतरांनी लढून तो नियम २०१७ मध्ये बदलून घेतला. तोवर तिची खेळायची वर्षं निघून गेली. घरचे म्हणतात झाका, तिकडचे म्हणतात काढा. दोघांपैकी एकानंही तिला चेंडू टाकताना पाहिलेलं नसतं. काकांना मी एवढंच सांगितलं आहे की येत्या रविवारी शाळेच्या मैदानावर या आणि पोरीचा खेळ बघा.

आता कागद. चार पानं आहेत. मी इंग्रजीतून मराठीत उतरवून आणला आहे. काही गोष्टी आधीच सांगते. तीन वर्षं अकादमीच्या परवानगीशिवाय मुलीला दुसरीकडे खेळता येणार नाही. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना खेळाडूला आधीच्या महासंघाचं मोकळीक-पत्र लागतं. इथं मात्र ते अडवून ठेवण्याचा हक्क एका खाजगी माणसानं पंधरा वर्षांच्या मुलीवर लिहून घेतला आहे. बक्षिसाच्या आणि पुढच्या कमाईच्या निम्मे पैसे अकादमीचे. परदेशात खेळाडूचा एजंट साधारण दहा टक्के घेतो, तेही बहुतेकदा संघच देतो. हा पन्नास मागतो. दुखापत झाली तर खर्च आई-बापांचा. शिक्षण कोणत्या शाळेत, हे कुठंही लिहिलेलं नाही. आणि सातवं कलम असं आहे की तीन वर्षांच्या आत मुलीचं लग्न झालं तर घरच्यांनी दोन लाख रुपये भरायचे.

या सातव्या कलमावर आमच्या कार्यकर्त्यांतच वाद झाला. एक म्हणाली, असू दे की, पोरीचं लग्न तरी लवकर लावणार नाहीत. मी म्हटलं, दोन लाखांच्या भीतीनं थांबवलेलं लग्न वेगळं आणि मुलीच्या नकारानं थांबलेलं लग्न वेगळं. त्यावर ती म्हणाली, ताई, थांबलं हे महत्त्वाचं. तिचंही अगदीच खोटं नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

मुलीच्या वडिलांना मी काल भेटले. ते वाईट माणूस नाहीत. वीस हजार कुठून आणणार, विचारलं तर म्हणाले, मुकादमाकडून उचल घेईन. म्हणजे पोरीला फडातून बाहेर काढायला बाप आणखी एक हंगाम फडात जाणार, आणि बरोबर आईही जाणार. आईला हे माझ्याकडून कळलं.

माणूस अमावास्येच्या आधी उत्तर मागतो आहे. म्हणून आता बोलणं पुरे. सतरंज्या जरा जवळ ओढा. मुलीला मी पुढं बोलावते, कागद तीच वाचेल, मराठी तिला येतं. ज्या वाक्याचा अर्थ लागणार नाही तिथं थांबायचं, विचारायचं. पेन्सिल आईच्या हातात असेल. जे कलम नको, त्यावर तिनं रेघ ओढायची. ये ग, बस इथं. पहिलं पान, पहिली ओळ.